रिकामं आहे, तरी उघडून बघा

नव्या शस्त्रधारकाने पाळायचा पहिला नियम असा, की आपल्या घरात शस्त्र येणार आहे हे कुणालाही सांगू नये. मी तो तंतोतंत पाळला. बायकोने फक्त तिच्या बहिणीला सांगितलं, तेही फोनवर, आणि फोनवर बोलताना ती गॅलरीत उभी होती. संध्याकाळी मी कामावरून परतलो, तर लिफ्टमध्ये आधीच उभ्या असलेल्या मंडळींनी सरकून मला मधली जागा करून दिली. आजवर त्या लिफ्टमध्ये मी कायम कुणाच्या तरी भाजीच्या पिशवीला खेटून उभा राहत आलो आहे.

माझ्याबद्दल गैरसमज नको म्हणून सांगतो. मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासतो. माणूस कशाकशाने जायबंदी होऊ शकतो याचा माझ्याइतका अभ्यास हाडांच्या डॉक्टरांचाही नसेल. लोक स्टुलावरून पडतात, चालता चालता स्वतःच्या चपलेत अडकून पडतात. एका गृहस्थांनी तर स्वतःच्याच निरोप समारंभात फुगा फोडताना खांदा निखळवून घेतला होता. असले कागद वाचून वाचून मी इतका जपून वागायला लागलो आहे, की कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की मी बाहेरच्या खोलीत जाऊन बसतो. अशा माणसाला रिव्हॉल्व्हर कशाला हवं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ते सासऱ्यांचं होतं आणि मागणी बायकोची होती, त्यामुळे माझ्या वाटण्याला फारसा वाव नव्हता.

सासरे धरणांच्या कामावर साहेब होते. नोकरीतली बहुतेक वर्षं आडरानातल्या बंगल्यात गेली, तेव्हा सरकारी परवान्यावर हे रिव्हॉल्व्हर घेतलेलं. आयुष्यात त्यांनी ते सरावाच्या मैदानाबाहेर एकदाही झाडलं नाही आणि याचा त्यांना विलक्षण अभिमान. "ज्या दिवशी झाडावं लागलं, त्या दिवशी आपण नापास झालो असं समजायचं," असं ते म्हणत. सासूबाई गेल्यापासून ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहतात. बायको त्यांना सारखी म्हणते, बाबा, आमच्याकडे या. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "का? माझं घर पडलंय का?"

घर पडलं नव्हतं, पण गेल्या वर्षभरात बारीकसारीक पडझड चालू होती. एकदा दूध गॅसवर ठेवून ते फिरायला निघून गेले. एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, लोण्याशेजारी, व्यवस्थित घडी करून ठेवलेला. एकदा त्यांनी बायकोला तिच्या आईच्या नावाने हाक मारली आणि ती "ओ" देऊन पुढच्या कामाला लागली. त्या दिवशी घरी येऊन ती बराच वेळ पाटावर बसून होती. मग म्हणाली, "अहो, ते कपाटातलं आता त्यांच्याकडे नको."

"मग पोलिसांकडे जमा करू या की," मी म्हणालो.

"जमा करायला ते देतील का? आणि आपण काढून घेतलं असं वाटलं, तर खचतील हो ते. तुम्हीच मागा. तुम्हाला हौस आहे असं दाखवा."

लग्नाला इतकी वर्षं होऊन बायकोने माझ्याकडे अभिनयाची अपेक्षा प्रथमच ठेवली होती. मी सासऱ्यांकडे गेलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "बाबा, मला लहानपणापासून पिस्तुलाची फार आवड." माझा आवाज इतका कापत होता, की सासऱ्यांनी आधी मला पाणी दिलं. मग माझ्याकडे रोखून पाहिलं.

"पिस्तूल नव्हे. रिव्हॉल्व्हर," ते म्हणाले. "आणि आवड बिवड ठेवा बाजूला, जावईबापू. शिकावं लागेल. शिकलात तर देईन. नाहीतर माझ्याबरोबर राहील ते."

परवाना माझ्या नावावर करून घेणं हे शिकण्याहून अवघड निघालं. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "शस्त्र कशासाठी हवंय?"

"सासऱ्यांच्या समाधानासाठी."

"असं कारण चालत नाही. जिवाला धोका आहे का?"

"छे, छे."

"मग मिळणार नाही."

"तसा थोडा असेल."

"कुणापासून?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सगळ्यात जास्त धोका त्या रिव्हॉल्व्हरपासूनच वाटत होता, पण ते लिहिण्याजोगं नव्हतं. शेवटी बाईंनाच माझी दया आली. "वडीलधाऱ्यांकडून वारशाने" अशी एक सोय नियमात असते, ती त्यांनी शोधून दिली. पण वारसा म्हटल्यावर त्यांनी मृत्यूचा दाखला मागितला. "सासरे बाहेर बाकावर बसलेत," मी म्हणालो. बाईंनी वाकून बाहेर पाहिलं. सासऱ्यांनी त्यांना हात केला. हयात माणसासाठी वेगळा अर्ज होता आणि तो दुसऱ्या मजल्यावर मिळत होता.

मग मनःस्वास्थ्याचा दाखला. आमचे नेहमीचे डॉक्टर मला ओळखतात, आणि घोटाळा तोच झाला. "तुम्हाला? रिव्हॉल्व्हर?" ते म्हणाले. "इंजेक्शनच्या वेळी तुम्ही माझ्या नर्सचा हात धरून बसता. आणि तुमचं डोकं ठिकाणावर आहे असं मी लिहून द्यायचं? या दोन गोष्टी एका कागदावर कशा बसवू?" शेवटी त्यांनी "स्वभाव शांत, काहीसा भित्रा" असं लिहिलं. "काहीसा" हा शब्द त्यांनी घरोब्यापोटी घातला असं मला नंतर बायकोने समजावलं.

चौकशीसाठी हवालदार आले, तेव्हा मी कामावर होतो. त्यांनी शेजाऱ्यांना माझ्याविषयी विचारलं. शेजाऱ्यांचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणूनच त्यांनी माझी वाट लावली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "देवमाणूस हो! कुणाला काही बोलत नाहीत. कितीही राग आला तरी सगळं मनात ठेवतात." हवालदारांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मनात सगळं साठवून ठेवणाऱ्या माणसाच्या हाती शस्त्र म्हणजे काय, हे त्यांना नोकरीमुळे ठाऊक होतं. त्यांचा चेहरा बघून खालच्या मजल्यावरचे चेअरमन मदतीला धावले. चेअरमन म्हणजे आमच्या सोसायटीचे माजी चेअरमन. पद गेलं, नाव राहिलं. ते म्हणाले, "छे हो, मनात कसलं ठेवतात! मागच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून इतके भडकले, की खुर्ची उचलली होती." ती खुर्ची मी सभा संपल्यावर इतर खुर्च्यांवर रचायला उचलली होती. पण हवालदारांनी लिहून घेतलं, आणि माझा अर्ज पुन्हा तळाशी गेला.

तोवर माझी इमारतीतली किंमत मात्र भलतीच वाढली होती. गाडी लावण्यावरून चेअरमनचं कुणाशी वाजलं की ते मला बोलवायला येत. "तुम्ही काही बोलू नका. फक्त शेजारी उभे राहा." मी जाऊन उभा राहायचो. माझ्या हातात बहुतेक वेळा दळणाचा डबा असायचा. समोरचा माणूस त्या डब्याकडे बघून आवाज खाली आणायचा. लोखंडी तिजोरी भिंतीत बसवताना मिस्त्रीचं ड्रिल पलीकडच्या घरातल्या नळाच्या पाइपात घुसलं आणि तिथले गृहस्थ साबणाच्या फेसासकट, पंचा सावरत, तावातावाने दारात आले. आले ते आले, मला पाहून जरा थबकले आणि म्हणाले, "नाही, तुमचं चालू द्या सावकाश. मी तोंड बेसिनवर धुतो." इतका मान मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता आणि तो एका अशा वस्तूमुळे मिळत होता, जी मी अजून हातातही घेतली नव्हती.

हातात न घेण्याचं कारण सासरे. परवाना येईपर्यंत त्या शस्त्राला स्पर्श करायचा नाही, असा त्यांचा दंडक. म्हणून माझी शिकवणी इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीवर झाली. तिलाही चाप असतोच. मी रोज संध्याकाळी सासऱ्यांकडे जायचो, ते आरामखुर्चीत बसायचे आणि मी बाटली घेऊन समोर उभा.

"बोट कुठे आहे?"

"चापावर."

"कुणी सांगितलं तिथे ठेवायला? बोट सरळ, बाहेर, बाजूला. झाडायचं नक्की ठरेपर्यंत आत जायचं नाही. आणि तोंड कुठेय बाटलीचं?"

"तुमच्याकडे, बाबा."

"मेलो मी."

असे ते माझ्या हातून बरेचदा मेले. पण शिकवताना त्यांना कधी काही विसरायला व्हायचं नाही, हे माझ्या लक्षात आलं. काल काय जेवलो हे त्यांना आठवत नसे, पण नियम मात्र खडखडीत पाठ. भरलेलंच आहे असं समजून हाताळायचं. ज्याचा नाश करायचा नाही, त्याच्याकडे तोंड वळवायचं नाही. समोर काय आहे ते बघायचं, आणि त्याच्या मागे काय आहे तेही बघायचं, कारण गोळी भिंतीपाशी थांबेलच असं नाही. शस्त्र एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात. राग आला असेल, घोट घेतला असेल किंवा झोप झाली नसेल, तर कपाटाकडे फिरकायचंही नाही.

"आणि कुणीही हातात दिलं," ते बोट उगारून म्हणायचे, "आणि रिकामं आहे म्हणालं, तरी आपण स्वतः उघडून बघायचं. देणारा कुणी का असेना."

"तुम्ही दिलंत तरी?"

"मी दिलं तर आधी बघायचं. माणूस जितका विश्वासाचा, तितकी चूक मोठी."

या शिकवणीचा परिणाम असा झाला, की मी सगळ्याच वस्तू त्या पद्धतीने धरू लागलो. टीव्हीचा रिमोट मी जमिनीकडे तोंड करून धरायचो, त्यामुळे चॅनेल बदलेनासं झालं. कचेरीत स्टेपलर हातात घेताना आधी उघडून बघायचो, मगच शेजाऱ्याला द्यायचो, मूठ त्याच्याकडे करून. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं.

सरावाच्या मैदानावरचा माझा पहिला दिवस मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. परवान्याआधी हा सराव सक्तीचा होता, शस्त्र मैदानाचंच होतं आणि शिकवणाऱ्या बाई फार धीराच्या होत्या. मी कानाला टोपडं लावलं, बोट सरळ ठेवलं, पाय रोवले, मग नाइलाजाने बोट आत नेलं. आवाज झाला. माझ्या निशाण्याचा कागद कोरा करकरीत होता. शेजारच्या जागेवर सराव करणाऱ्या गृहस्थांच्या कागदावर मात्र अगदी मधोमध भोक पडलं होतं आणि ते चकित होऊन आपल्या न झाडलेल्या शस्त्राकडे बघत होते.

"तुम्ही कुठे बघत होतात?" बाईंनी विचारलं.

"मी बघतच नव्हतो."

"डोळे उघडे ठेवून झाडतात, काका."

घरी येऊन मी हे सासऱ्यांना सांगितलं, तर ते हसता हसता खोकायला लागले. त्यांच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या लक्षात आलं, की या माणसाशी मी इतक्या वर्षांत सणावाराच्या चार गोष्टींपलीकडे कधी बोललोच नव्हतो. आता रोज तासभर बोलत होतो. मला ती शिकवणी आवडायला लागली होती. परवाना यायला उशीर होतोय याचं मला वाईट वाटेनासं झालं होतं.

बायकोला मात्र वाटत होतं. ती दिवसातून कितीदा तरी त्यांना फोन करायची. "गॅस बंद आहे ना, बाबा?" तिकडून उत्तर यायचं, "बंदच आहे. मी काय लहान आहे?" फोन ठेवून ती माझ्याकडे बघायची. कपाटातल्या त्या वस्तूचं नाव ती घेत नसे. उरलेल्या वेळात तिने त्या वस्तूसाठी एक कव्हर शिवलं. आमच्या घरात मिक्सरला, वॉशिंग मशीनला, इतकंच काय, रिमोटलाही कव्हर आहे. त्या घरात रिव्हॉल्व्हरने उघडं राहावं हे तिला पटण्यासारखं नव्हतं. पडद्याचं उरलेलं फुलाफुलांचं कापड होतं. सासऱ्यांनी वर्तमानपत्रावर माप कापून दिलं. कव्हर शिवून झाल्यावर ते हातात घेऊन त्यांनी उलटसुलट पाहिलं. मला वाटलं, आता शस्त्राच्या इभ्रतीवरून काहीतरी ऐकवणार. ते म्हणाले, "काज छान घातलंय. हिच्या आईसारखं."

शेवटी परवाना आला. कार्यालयातल्या बाईंनी माझ्याकडे पेढ्याची अपेक्षा असल्यासारखं पाहिलं आणि म्हणाल्या, "जपून हं." त्या रविवारी सकाळी आम्ही दोघं सासऱ्यांकडे गेलो. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरला होता. गोळ्यांचा डबा कुलूप लावून आधीच बाजूला ठेवलेला. एखाद्या मुलीची पाठवणी करावी तसा सगळा थाट होता.

त्यांनी कपाट उघडलं. दोन्ही हातांनी रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, तोंड भिंतीकडे, बोट सरळ. एकही नियम चुकला नाही. ते माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "रिकामं आहे. सकाळीच मी स्वतः उघडून बघितलंय. घ्या."

मी घेतलं. वजन अपेक्षेपेक्षा जास्त होतं. बायको डोळे पुसत होती. सासरे ताठ उभे होते. आता आभार मानून ते फुलाफुलांच्या कव्हरात घालणं एवढंच बाकी होतं. सासऱ्यांच्या शब्दावर, त्यांच्याच घरात, त्यांच्या मुलीसमोर, उघडून बघायचं म्हणजे त्यांना खोटं पाडल्यासारखं. मी थोडा घुटमळलो. पण इतके दिवस फवाऱ्याच्या बाटलीवर घोटून घेतलेला हात माझं ऐकेना. मी भिंतीकडे वळलो आणि गोळ्यांची चक्री उघडली.

एक सोडून सगळी भोकं रिकामी होती. त्या एकात पितळेची गोल टिकली चमकत होती.

बायको माझ्या पाठीमागे होती, तिला दिसत नव्हतं. सासऱ्यांना दिसत होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला तो पाहिल्याचा पश्चात्ताप झाला. ते घाबरले नव्हते. रस्ता ओलांडताना मध्येच आपण कुठे निघालो होतो हे विसरलेल्या माणसासारखे ते त्या टिकलीकडे बघत होते.

मी गोळी काढून मुठीत घेतली. मग जमेल तेवढ्या मोठ्याने हसलो. "काय बाबा! शेवटच्या दिवशीही परीक्षा?"

बायको म्हणाली, "काय झालं?"

"तुझ्या बाबांनी मुद्दाम एक गोळी ठेवली होती. मी उघडून बघतो की नाही ते पाहायला."

"बाबा, तुम्ही पण ना!" ती हसली. "मग? झाले का पास?"

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाले." आणि हात पुढे केला. मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली, त्यांनी डब्याचं कुलूप काढून ती आत टाकली, पुन्हा कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि परत एकदा ओढून पाहिलं. चहा झाला. रिव्हॉल्व्हर आणि डबा घेऊन आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी कधी नव्हे तो माझा खांदा दाबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला कचेरीत फोन आला. सासरे मला कधी फोन करत नाहीत, करतात तो मुलीला.

"जावईबापू, बोलता येईल का?"

"बोला ना, बाबा."

"ती परीक्षा नव्हती."

समोर एका गृहस्थांच्या दाव्याचा कागद उघडा होता. मी तो मिटला. "माहीत आहे मला," मी म्हणालो.

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"मी सकाळी बघितलं होतं हो." आवाज एकदम बारीक झाला होता. "बघितलं होतं असं मला अजूनही वाटतंय. तेच वाईट आहे."

मी त्यांचं सांत्वन करायला हवं होतं, पण त्यांच्यासाठी खोटं बोलायची एक संधी मी आदल्या दिवशी वापरून टाकली होती. त्यांच्या घरातला पंखा फिरताना जो एक बारीक करकर आवाज होतो, तो मला फोनमधून ऐकू येत होता.

मग ते अगदी सहज, काहीतरी आठवल्यासारखं म्हणाले, "तुमच्या त्या मागच्या खोलीत ऊन येतं का हो?"

"येतं की," मी म्हणालो. "सकाळी भरपूर येतं."

"सकाळचं चांगलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. साहेबांनी पुन्हा हळू आवाजात, घरी सगळं ठीक ना, असं विचारलं आणि मी हो म्हणालो. घरी पोचलो आणि बूटही न काढता थेट मागच्या खोलीत गेलो. त्या खोलीची एकुलती एक खिडकी एका जुन्या कपाटामागे होती. कपाट सागवानी, वर ट्रंका, आत गाद्या, आणि आम्ही ते इथे राहायला आलो तेव्हापासून कुणी जागचं हलवलेलं नाही. स्वयंपाकघरातून बायको आली, तेव्हा मी त्याला खांदा लावून उभा होतो आणि ते तसूभरही सरकत नव्हतं. खांदा निखळण्याची शक्यता किती असते, हे मला नीट माहीत होतं.

"अहो, काय करताय? एवढ्या लवकर कसे आलात?"

"खिडकी मोकळी करतोय. बाबांना सकाळचं ऊन लागतं."

ती दारात उभीच राहिली. हात पदराला पुसले, पदर खोचला आणि कपाटाची दुसरी बाजू धरली.

"तीन म्हटलं की ढकला," ती म्हणाली. पण तिला तीनपर्यंत म्हणता आलं नाही, म्हणून मीच म्हणालो.